खांद्याएवढी

काकू : अगं, पुस्तकच आहे ते, चावणार नाही. दोन्ही पायांत घट्ट धर आणि पाठ भिंतीला लाव. चपला काढल्यास ना?

ताई : काढल्या. पण काकू, हे असं सगळ्यांनाच करायला लावता?

काकू : सगळ्यांना. काल बँकेतले एक साहेब इथेच, असेच उभे होते. गळ्यात टाय आणि पायांत पुस्तक! मला हसू आवरेना, शेवटी शिंक आल्यासारखं केलं. आणि आमचे मिस्त्री बघ, तिकडे तोंड करून उभे आहेत. अहो, तिकडेच बघताय ना?

मिस्त्री : गाडीकडे बघतोय. तू आकडा सांग.

ताई : मी नुसतं सायकलची सीट खाली करून द्या म्हणाले होते हो.

मिस्त्री : सीट खाली करायला दोन मिनिटं पुरतात, ताई. किती खाली करायची, ते कळायला हे लागतं. आता अंदाजानं सीट लावायची नाही, असं ठरवलंय.

काकू : आता म्हणजे तीन आठवड्यांपासून. चाळीस वर्षं नजरेनं गाड्या लावल्या आणि एके दिवशी अचानक मला म्हणतात, बायकांची मापं तू घ्यायची. मी आपली आत सीटची कव्हरं शिवत बसणारी, मला काय त्यातलं! पण टेप धरता येते, झालं. पुस्तक आणखी वर घे. अशी बिचकतेस काय? आमच्या मुलाच्या कॉलेजचं आहे. त्यानं ते कधी उघडलं नाही, निदान इथे तरी कामाला आलं. हं. सदुसष्ट.

मिस्त्री : परत बघ.

काकू : सदुसष्टच. जरासुद्धा हललेली नाही ती.

मिस्त्री : मग ही गाडी जिच्यासाठी लावली, तिचा पाय चौऱ्याहत्तरचा हवा. सात सेंटिमीटर म्हणजे चार बोटं झाली. सीटवर ही गुबगुबीत गादी चढवलीय, ती आणखी दोन बोटं. सहा बोटं वर बसत होतात तुम्ही?

ताई : गाडी माझी नाहीये. म्हणजे… बहिणीची. ती उंच आहे. तिनं दिली मला चालवायला.

काकू : तरीच. आपल्याकडच्या त्या निळ्या गाड्यांसारखीच दिसते पण, नाही का हो?

मिस्त्री : असतात तशा पुष्कळ.

ताई : हो. पुष्कळ असतात.

काकू : पाय तरी टेकत होते का गं तुझे?

ताई : एका पायाची बोटं. तीसुद्धा गाडी तिरकी केली की. थांबायचं असलं की मी फुटपाथ शोधायचे. त्याच्या कडेवर एक पाय ठेवला की जमायचं. शाळेच्या वाटेवर कुठली कड उंच, कुठली फुटलेली, सगळं पाठ झालं होतं.

मिस्त्री : बॅटरीवरची सायकल आहे ही, बॅटरी धरून पंचवीस किलोची. आणि मागे मुलाची खुर्ची.

ताई : मुलीची.

मिस्त्री : किती वर्षांची?

ताई : पाच. सोळा किलो आहे.

काकू : बहिणीची मुलगी?

ताई : …माझी.

काकू : मग तर कमालच केलीस. एकेचाळीस किलो आणि वर तू, सगळा डोलारा एका पायाच्या बोटांवर! आणि इतके दिवस कुणाला बोलली नाहीस?

ताई : वाटलं, होईल सवय.

मिस्त्री : उंचीची कसली सवय होते, ताई.

काकू : बरं, पाय झाले. आता पूर्ण उंची. हे पुस्तक आडवं तुझ्या डोक्यावर ठेवते, ताठ उभी राहा. हनुवटी खाली. अशी. थांब, पेन्सिल कुठे गेली माझी?

ताई : काकू, ब्रेकसुद्धा जरा बघाल का? दांडी फार लांब पडते. माझी बोटं अर्धीच पोचतात.

काकू : ब्रेकचं नाव काढू नकोस बाई इथे. ब्रेकची कामं आम्ही घेत नाही.

ताई : का?

मिस्त्री : राहू दे ना गं.

काकू : का म्हणून राहू दे? माणसानं विचारलं तर सांगायला नको? अगं, तीन आठवडे झाले, ह्या माणसानं ब्रेकला हात लावलेला नाही. कुणी आलं की पुलापलीकडच्या दुकानात पाठवतात. अर्ध्या गावाचे ब्रेक ह्यांनी लावलेत! आणि कारण काय? तर एक माणूस आला होता भर सकाळी. चार गिऱ्हाइकं उभी दुकानात. मोठ्यानं म्हणाला, तुमच्या गाडीचा ब्रेक लागला नाही, माझी बायको आणि पोर रस्त्यात पडली, पोरीचा हात मोडला, दुकान चालवायची लाज नाही वाटत तुम्हाला? आणि हे? मान खाली घालून उभे. मीच पुढे झाले, म्हटलं, गाडी आणा, दाखवा काय झालंय ते. तर म्हणे, ती गाडी पुन्हा ह्या उंबऱ्यात येणार नाही.

ताई : काकू—

काकू : हलू नकोस, पुस्तक पडेल. एवढ्यावर थांबला असता तरी मी म्हटलं असतं, बाप आहे, जीव तुटला असेल. पण त्यानं आमच्या पाटीचा फोटो काढला आणि शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, इथे पोरांचे जीव धोक्यात घालू नका. शेजारणीनं आणून दाखवलं मला. पाटी माझ्या हातानं रंगवलेली आहे. ऐन उन्हात, स्टुलावर उभी राहून.

मिस्त्री : पुरे आता.

काकू : आणि ती बाई! ती तर उगवलीच नाही. नवऱ्याला पुढे करून बसली घरात. गाडी कोण चालवत होतं? ती. मग येऊन सांगावं ना, काय झालं, कसं झालं. इथे ह्या माणसाचा जेवताना घास हातात राहतो. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणतात, पोरीचा उजवा हात गं की डावा? आता मला काय ठाऊक, उजवा की डावा?

ताई : डावा.

काकू : काय?

ताई : डावा हात. मनगटाच्या जरा वर. उद्या प्लास्टर निघणार आहे.

(डोक्यावरचं पुस्तक खाली पडलं. ते कुणीच उचललं नाही. ती तशीच उभी राहिली, भिंतीनं आत घेतलं असतं तर गेली असती अशी. आणि तिच्या डोक्यामागे काकूंनी ओढायला घेतलेली पेन्सिलीची रेघ अर्धीच राहिली.)

काकू : तू?

ताई : मी.

काकू : आणि ती उंच बहीण?

ताई : मला बहीण नाही.

काकू : वा. आणि कुठल्या तोंडानं आलीस मग?

ताई : वाटलं, इथे मला कुणी ओळखत नाही. मी कधी आलेच नव्हते ना इथे. आधी दुसऱ्या दोन दुकानांत नेली, ते म्हणाले, जिथून घेतली तिथेच न्या. मग आणली. चालवत नाही, हातात धरून. अडीच किलोमीटर. वाटेत तीनदा माघारी फिरले.

मिस्त्री : तुम्हाला नाहीच ओळखलं, ताई. गाडी ओळखली. दारातून आत घेतलीत तेव्हाच.

काकू : आणि मला म्हणालात, असतात तशा पुष्कळ!

मिस्त्री : त्या स्वतः सांगत नव्हत्या. मी कशाला त्यांना उघडं पाडू?

ताई : मिस्त्री, ब्रेक चांगला होता.

मिस्त्री : तेही कळलं. तुम्ही भिंतीशी उभ्या होतात तेव्हा दाबून बघितला. दोन्ही. चार चार वेळा. मी लावून दिला होता तसाच आहे, केसभर ढिला नाही.

काकू : म्हणून तिकडे तोंड करून उभे होतात मघापासून? मी आपली समजतेय, काय सभ्य माणूस आहे!

मिस्त्री : तेही होतंच. आणि हे पायडलचं टोक बघ. गाडी पळताना पडली तर ओरखडा लांब जातो, घासत. हा नुसता टोला आहे, एका जागी. पडली तेव्हा गाडी उभी होती.

ताई : उभीच होती. शाळेच्या फाटकासमोर. तिथे सगळ्या आया घोळका करून असतात. माझी नेहमीची फुटपाथची कड होती ना, तिथे त्या दिवशी कुणाची तरी मोटार लावलेली. मग मी रस्त्यातच थांबले. ब्रेक दाबला, नीट लागला, गाडी थांबली. पाय खाली सोडला तर खाली काही नाहीच. जमीनच लागेना. आणि गाडी कलायला लागली. एकदम नाही हो, हळूहळू. इतकी हळू, की मागनं बिट्टीनं विचारलंसुद्धा, आई, आपण पडतोय का?

मिस्त्री : बिट्टी म्हणजे मुलगी.

ताई : हो. मी हो म्हणेपर्यंत पडलो होतो.

काकू : मग हे असंच सांगायचं होतंस की लोकांना.

ताई : काय सांगू? धडक नाही, खड्डा नाही, कुत्रं आडवं आलं नाही. उभी गाडी, उभी बाई, आणि पोरीला घेऊन आडवी. सगळ्या धावत आल्या, कुणीतरी म्हणालं, अगं झालं काय? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ब्रेक लागला नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत ते ह्यांच्या कानावर गेलं होतं. मी म्हटलं, उद्या सांगू खरं. दुसऱ्या दिवशी हे सकाळीच इथे आले.

काकू : नवऱ्यापासूनसुद्धा लपवलंस? त्याला तरी सांगायचं होतंस, पाय पोचत नाहीत म्हणून. पहिल्याच दिवशी.

ताई : पहिल्या दिवशी त्यांनी माझे डोळे झाकून जिन्यावरून खाली नेलं मला. गाडीला लाल फीत बांधलेली. मी बसले, पाय लोंबकळले. ते म्हणाले, बरोब्बर बसलीस! इतके खूश होते काकू. मीही म्हटलं, बरोब्बर.

मिस्त्री : माप त्यांनीच दिलं होतं.

काकू : कुणी? काय?

मिस्त्री : ह्यांच्या यजमानांनी. मी म्हटलं, ताईंना घेऊन या, बसवून बघू. ते म्हणाले, मग गंमत काय राहिली? आणि स्वतःच्या खांद्यावर असा आडवा हात ठेवला. म्हणाले, बायको इथपर्यंत येते. मी त्या हाताकडे बघितलं आणि सीट लावली. बसणारं माणूस न बघता मोटरची गाडी दिली मी, मागे पोराची खुर्ची लावून. ते इथे येऊन ओरडत होते ना, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो खांद्यावरचा हातच होता. काय तोंड उघडणार?

काकू : आणि ब्रेकचं?

मिस्त्री : ब्रेक मी नीट लावला होता, असं वाटत होतं. पण एक चूक केली म्हटल्यावर दुसरी केली नसेल कशावरून? गाडी समोर नाही, बघणार कसं? हाताचा भरवसाच वाटेना.

काकू : म्हणजे हिला ठाऊक, ब्रेक चांगला. ह्यांना ठाऊक, सीट चुकली. आणि मला काहीच ठाऊक नाही! तीन आठवडे मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत कव्हरं शिवतेय. दोनदा सुई घुसली बोटात!

ताई : खांद्याएवढी मी फक्त लग्नाच्या फोटोत आहे.

काकू : म्हणजे?

ताई : फोटोवाल्यानं माझ्या पायाखाली वीट ठेवली होती. साडीत दिसली नाही. तो फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत लावलाय, येता जाता दिसतो. तीच उंची बसलीय ह्यांच्या डोक्यात. खरी मी त्यांच्या शर्टाच्या खिशापर्यंत येते.

काकू : आणि आठ दहा वर्षांत त्याला हे दिसलं नाही?

ताई : आठ. नाही दिसलं. आणि मीही कधी म्हटलं नाही. कुणी एवढ्या कौतुकानं वर चढवून ठेवलं, तर उतरायचं कसं?

काकू : विटेवरून उतरतात तसं. एक पाय, मग दुसरा. ते पुस्तक उचल आधी. आणि फोन आहे ना तुझ्याकडे? काढ. ज्या ग्रुपवर माझी पाटी गेली, त्याच ग्रुपवर लिहायचं. इथेच, माझ्यासमोर.

मिस्त्री : अगं, लिहितील त्या घरी जाऊन.

काकू : घरी जाऊन उद्यावर जाईल. तिचं उद्या कसं असतं, ते ऐकलंत ना आत्ता?

ताई : बरोबर आहे त्यांचं. लिहिते.

मिस्त्री : तोवर मी सीट उतरवतो. ही गादी काढून टाकू का?

ताई : काढा. ह्यांनी वाढदिवसाला दिलेली आहे. पण काढा.

काकू : एवढा वेळ काय लिहितेस? वाच बघू.

ताई : वाचते. “मी बिट्टीची आई. शाळेच्या फाटकाशी माझी गाडी पडली तेव्हा ब्रेक लागला होता. माझे पाय जमिनीला पोचत नव्हते आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. उभ्या उभ्या पडले, त्याची लाज वाटली, म्हणून ब्रेकचं खोटं सांगितलं. दुकानाची काही चूक नव्हती. त्यांची माफी मागते.”

मिस्त्री : दुकानाची काही चूक नव्हती, ते काढा. थोडी होती.

काकू : काही काढायचं नाही! अहो, आत्ता कुठे—

मिस्त्री : ताई, ब्रेकची चूक नव्हती, एवढंच लिहा. सीट चुकली होती, तेही लिहा. आता माप घेतल्याशिवाय गाडी देत नाही, तेही लिहिलंत तर चालेल.

काकू : लिही बाई. हरिश्चंद्र आहेत आमचे. पाठव.

ताई : …बोटच पुढे जात नाहीये.

काकू : गिऱ्हाइकांसमोर ऐकून घेताना ह्यांचं काय झालं असेल?

ताई : पाठवलं.

काकू : बरं.

ताई : पाहिलं त्यांनी. फोन येतोय. ह्यांचाच.

काकू : घे मग.

ताई : नको, आत्ता नाही. त्यांना घरी गेल्यावर सांगेन. त्यांच्या शेजारी भिंतीला पाठ लावून. चपला काढून.

मिस्त्री : इकडे या, ताई. सीटची दांडी पूर्ण आत गेली नशिबानं. हँडलही जरा अलीकडे घेतलंय, पुढे ओणवं व्हायला नको. आता मूठ धरा. बोटं टाकून दाखवा ब्रेकवर.

ताई : हे बघा, टोकच लागतं.

मिस्त्री : हं. ब्रेकच्या दांडीत इथे एक बारीक स्क्रू असतो. हा फिरवला की ब्रेक बोटांजवळ येतो. लहान हातांसाठीच ठेवलेला असतो, पण कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. तो छोटा पाना दे गं.

काकू : अहो.

मिस्त्री : काय?

काकू : ब्रेकला हात लावताय.

मिस्त्री : लावतोय. पाना दे. …हं. आता दाबा.

ताई : पूर्ण येतो. दोन बोटांत येतो!

मिस्त्री : दोनच बोटांनी दाबायचा, बाकीची मुठीवर. आणि ब्रेक दाबलात की मोटर आपोआप बंद पडते, म्हणून थांबलात तरी तो सोडायचा नाही. पाय पायडलवर ठेवून उभं राहायचं नाही. चुकून जोर पडला की मोटर गाडी पुढे काढते. ऐकताय ना?

ताई : ऐकतेय. ब्रेक धरून ठेवायचा, पाय जमिनीवर.

मिस्त्री : बसा आता. मी मागून धरलीय. सावकाश.

काकू : ओढणी आवर. चाकात जाईल.

मिस्त्री : खाली सोडा पाय. दोन्ही.

काकू : काय गं? टेकले का?

ताई : टेकले. टाच राहिलीय थोडीशी वर. पण टेकले. दोन्ही.

मिस्त्री : टाच तेवढी राहू दे, नाहीतर पायडल मारताना गुडघे दुखतील. आता मी मागच्या खुर्चीला धक्का देतो, सावरून बघा. हं? आणि ह्या बाजूनं. बघितलंत? आता मुलगी मागे कितीही हलली, तरी गाडी कलायची नाही.

ताई : ती हलली नव्हती.

मिस्त्री : नाही, मी आपलं सांगितलं—

ताई : त्या दिवशी ती हललीच नव्हती हो. दप्तर मांडीवर घेऊन नीट बसली होती.

काकू : अगं, तिला कोण काय म्हणतंय? रडतेस कशाला?

ताई : मी म्हटलं. दवाखान्यात ह्यांनी विचारलं, ब्रेक नाही लागला तर पाय का नाही टेकवलास? काय सांगणार होते? मी म्हटलं, ही मागे सारखी हलत होती, तोल गेला माझा. ती तिथेच होती. प्लास्टर ओलं होतं अजून. माझ्याकडे बघितलं तिनं.

काकू : अगं आई गं.

ताई : तेव्हापासून ती हलत नाही, काकू. जेवायला बसली की दोन्ही पाय जुळवून, चांगला हात मांडीवर. टीव्ही बघताना तशीच. सासूबाई येईल त्याला सांगतात, पोर किती शहाणी झाली बघा. परवा तिच्या पायावर मुंगी चढली होती. चावत होती, डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण पाय नाही हलवला. मला म्हणाली, बघ आई, मी हलले नाही. तुमची माफी मागायला निदान शब्द होते. तिची कशी मागू? सोमवारी शाळा आहे. ती मागे बसेल आणि श्वाससुद्धा जपून घेईल. म्हणून आले मी. म्हटलं, आधी माझे पाय तरी टेकू देत.

काकू : मी तुला काय म्हणाले मघाशी, भिंतीपाशी? हलू नकोस, हलू नकोस. दोनदा तरी म्हणाले असेन.

ताई : तुम्हाला काय माहीत.

काकू : उतरू नकोस. बस तशीच. डोळे पूस. कुणाजवळ आहे ती आत्ता?

ताई : सासूबाईंजवळ.

काकू : फोन लाव.

ताई : संध्याकाळी घरी गेल्यावर मांडीवर घेऊन—

काकू : पुन्हा संध्याकाळ काढलीस? लाव.

मिस्त्री : लावा, ताई. गाडी मी धरलीय.

ताई : …हॅलो, आई? मी बोलतेय. हो, येतेच. बिट्टीला द्या ना जरा. …बिट्टी? हो, आईच. काय करतेयस? …दूध? कुठे बसलीयस? …खुर्चीवर. हो गं, मला ठाऊक आहे, नीटच बसली असशील. ऐक ना. आपण पडलो ना, त्या दिवशी तू हलली नव्हतीस. …नाही. इतकीशीसुद्धा नाही. आईचे पायच जमिनीला पोचत नव्हते. …हो, एवढी मोठी असून. …म्हटलं होतं. खोटं म्हटलं होतं. …हो, आईसुद्धा बोलते कधी कधी. चुकलं माझं. …आता पोचतात. दोन्ही. एक काका आहेत इथे, त्यांनी सीट खाली करून दिली. …सोमवारी? हो, मागेच बसायचं. …हल की! …हो, कितीही. …खुर्चीतसुद्धा. …आत्ता? आत्ता हल. …बिट्टी? काय गं, कसला आवाज झाला? …सांडलं? …सगळं? …सांडू दे, बाळा. सांडू दे.